सगुणेची शाळा

उतारवयात माणसास कोणता छंद जडेल याचा नेम नसतो. कोणी तीर्थयात्रेस निघतो, कोणी फुलझाडे लावतो, कोणी घरातील सुनांच्या स्वयंपाकात लक्ष घालू लागतो. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी करून २०१६ साली मी निवृत्त झालो, तेव्हा माझा बेत अगदी साधा होता. आजोबांनी लहानपणी पाठ करून घेतलेला अमरकोश पुन्हा एकदा उजळावा, सकाळी ओसरीवर बसून नातवंडांस चार श्लोक सांगावेत आणि धाकट्या बंधूंच्या शेतीत अडथळा न आणता उरलेला काळ कंठावा, एवढीच माझी इच्छा होती. वयाचे बासष्टावे वर्ष चालू असता मी एका शिंगराचा मास्तर होईन आणि काही दिवसांनी त्याचाच विद्यार्थी होईन, असे भविष्य कोणी वर्तविले असते तर त्याची पत्रिका मीच तपासावयास घेतली असती.

आमचे गाव भीमेच्या काठी आहे. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील बुटकी, काटक तट्टे एके काळी साऱ्या मुलखात प्रसिद्ध होती. मराठी फौजांच्या दौडी निघत त्या याच भीमथडी तट्टांच्या पाठीवर. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाही होता. फौजा गेल्या, तालुक्याचे नाव गेले. तट्टू मात्र धनगरांच्या वाड्यांबरोबर टिकून राहिले. दिवाळी उलटली की हे मेंढपाळ बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर लादून गावोगाव हिंडावयास निघतात. भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या, कधी कधी वर बसविलेले लहान पोर, असा तो संसार रस्त्याने डुलत जाताना पाहिला म्हणजे आपल्या घरातील कपाटांची लाज वाटते. नुकतीच या जातीच्या घोड्यांची सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

दरसाल मार्गशीर्षात एक वाडा आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवीत असतो. २०१९ साली तो आला तेव्हा त्यांच्यातील एक घोडी दिवस भरत आलेली होती. घोडीला अकरा महिने लागतात, आणि प्रसूती बहुधा रात्री, कोणी पाहत नसता होते. सकाळी बंधू रानात गेले तो एक ओलसर, लांबच लांब पायांचे शिंगरू आईच्या पोटाखाली उभे राहून दूध पीत होते. जन्मल्यापासून तासाभरात उभे राहावयाचे आणि दोन तासांत आईचा चीक प्यावयाचा, हा त्या जातीचा पहिला धडा. वाघलांडग्यांच्या जगात ज्याला पळूनच जीव वाचवावयाचा, त्याला पाळण्यात लोळणे कसे परवडणार!

आठव्या दिवशी त्या घोडीस पोटशूळ उठला. ती जमिनीवर लोळे, उठे, पुन्हा स्वतःच्या कुशीकडे मान वळवून पाही. गुरांचे डॉक्टर रात्रीच येऊन गेले, त्यांनी शक्य ते सारे केले. पण उजाडता उजाडता ती गेली. वाड्यास दोन दिवसांत पुढे निघावयाचे होते. वाड्याचा कारभारी, चाळिशीच्या घरातला एक शांत गृहस्थ, माझ्या ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आम्हाला रोज चालायचं. हे पोर आमच्यासंगं चालायचं न्हाई. दोन दुभत्या शेळ्या ठिवून जातो. जगलं तर वाट्यानं तुमचं-आमचं, न्हाई जगलं तर देवाचं."

तो मला गुरुजी म्हणाला याचे मला नवल वाटले नाही. गावात सारेच म्हणतात. तो एका पावसाळ्यात माझ्या वर्गात बसला होता, हे मला ठाऊक होते. याहून अधिक जे आठवावयास हवे होते, ते त्या वेळी आठवले नाही.

त्यानंतरचा महिना आमच्या घरात बाळंतिणीच्या खोलीसारखा गेला. दर दोन तासांनी शेळीचे कोमट दूध पाजावयाचे. शिंगरू भांड्यात तोंड घालीना. मग बोट दुधात बुडवून त्याच्या ओठांस लावावयाचे, ते चोखू लागले की हळूहळू बोट भांड्यात न्यावयाचे. पहिल्या प्रहरी आमची मंडळी, मध्यरात्री मी, पहाटे धाकट्या भावजयबाई आणि उजाडता सूनबाई, अशा पाळ्या लागल्या. माझा नातू तेव्हा आठ वर्षांचा होता. गोठ्यात गोणपाट पांघरून तोही बसे.

नाव ठेवण्याचा प्रसंग आला तेव्हा माझे संस्कृत उफाळून आले. आज आपण वयात येणाऱ्या मुलास किशोर म्हणतो. पण अमरकोशात तो शब्द घोड्याच्या पोरास दिलेला आहे, हे मी सर्वांस मोठ्या हौसेने सांगितले. शिंगरू मादी, तेव्हा नाव 'किशोरी'. सूनबाई जरा थांबून म्हणाल्या, "मामंजी, माझ्या धाकट्या बहिणीचे नाव किशोरी आहे. ती दिवाळीला आली की एका हाकेला दोघी ओ देतील." सारे घर हसले. अखेर आमच्या मंडळींनी 'सगुणा' असे नाव ठेवले आणि व्याकरणाचा पराभव झाला.

जाताना कारभाऱ्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. "गुरुजी, लाड करू नगा. माणसानं वाढवलेलं घोडं माणसाला घोडंच समजतं आणि अंगावर येतं. एक शेळी तिच्याजवळ बांधत जा." पुढे या बोलण्याची सत्यता पटली. चार महिन्यांची सगुणा मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पाय माझ्या खांद्यावर ठेवू पाहू लागली. घोड्यांच्या कळपात असे करणाऱ्या पोरास मोठी घोडी कान पाडून दूर लोटते. येथे दूर लोटणारे कोणी नव्हते, टाळ्या पिटणारी नातवंडे मात्र होती. तेव्हा आता शिस्त लावली पाहिजे असे मी ठरविले. शिस्त या विषयात मी स्वतःस तज्ज्ञ समजत असे.

२०२० सालचा मार्च महिना कोणी विसरले नसेल. करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या, सारे घरात कोंडले गेले. नातवाचा वर्ग मोबाइलवर भरू लागला आणि त्याचे वाचन घेण्याचे काम मजकडे आले. तो वाचनात मागे होता. जोडाक्षर आले की अडे. अडला की मी दुरुस्त करी. पुन्हा अडला की माझा आवाज चढे. सकाळी नातू आणि नंतर सगुणा, अशा माझ्या दोन शाळा चालत.

आषाढातील एक सकाळ मला लख्ख आठवते. एकाच वाक्यावर नातू चौथ्यांदा अडला, मी पुस्तक आपटले आणि तशाच पावली गोठ्यात गेलो. सगुणेच्या तोंडाला मोहरकी होती. तिला दोरी धरून उंबरठ्याबाहेर चालविण्याचा पाठ चालू होता. ती उंबरठ्याशी अडली. मी ओढली. घोड्यास पुढे ओढावे तो ते मागे रेटते, हा त्याचा स्वभाव आहे. पण तो मला तेव्हा स्वभाव वाटला नाही, उर्मटपणा वाटला. मी अधिक जोराने ओढले, ती उभी राहिली, दोरी हातातून सरकून तळवा सोलून निघाला. मग दोरीचा मोकळा शेव मी तिच्या मानेवर आणि खांद्यावर पाच-सहा वेळा ओढला.

ती चालू लागली. दुसऱ्या दिवशी नुसता हात उचलताच चालली. आठवडाभरात ती खांबासारखी स्थिर उभी राहू लागली, पाय उचल म्हटले की पाय देऊ लागली. मी जेवताना अभिमानाने म्हणालो, "पाहिले? सुतासारखी सरळ झाली." कोणी काही बोलले नाही. नातवाने ताटावरून मान वर केली नाही.

मार्गशीर्षात वाडा पुन्हा आला. सगुणा वर्षाची झाली होती. अंगाने भरली होती, रंगाने कुमैत, आयाळ काळीभोर. मी कारभाऱ्यास मोठ्या ऐटीत गोठ्यात नेले आणि तिचे सारे पाठ म्हणून दाखविले. तो बराच वेळ पाहत राहिला. तिचे कान मागे वळलेले होते, डोळ्याच्या कडेस पांढरे दिसत होते, आणि मी हात हलविला की खांद्यावरची कातडी थरथरे. हे सारे मी रोज पाहत होतो. पण मला ते दिसत नव्हते. तो हळूच म्हणाला,

"गुरुजी, ही ऐकत न्हाई. ही भ्यालीय. भ्यालेलं जनावर नुसतं उभं राहतं. शिकत न्हाई."

मी विचारले, "दोहोंत फरक काय? काम तर होते ना?"

"रानात कुत्रं अंगावर आलं, न्हाईतर ओढ्याला पाणी आलं, की फरक कळतो. भ्यालेलं घोडं तवा माणसाला टाकून पळतं. शिकलेलं घोडं माणसाकडं बघतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. जे वर्षभर आठवले नव्हते ते त्या अंधारात आठवले. सुमारे १९९० सालचा पावसाळा. वाडा तेव्हा गावाच्या माळावर चार महिने मुक्कामास होता. चौथीच्या वर्गात दाराजवळ बसणारा एक काळासावळा मुलगा. सातचा पाढा. तो सात सक्कं पाशी अडला. मी छडीने त्याच्या उजव्या तळहातावर मारले. तो पुन्हा तेथेच अडला. मी पुन्हा मारले. किती, ते मोजले नव्हते. तिसऱ्या दिवसापासून त्याची जागा रिकामी राहिली. हजेरीपटावर मी गैरहजेरीच्या खुणा करीत गेलो आणि पुढे नाव कमी केले. त्याबद्दल मला काही वाटल्याचे स्मरत नाही. पाच वर्षे लाड आणि पुढली दहा वर्षे ताडन, असे सांगणारे सुभाषित मला पाठ होते. आपल्या सोयीचे वचन कोणास पाठ नसते?

सकाळी मी रानात गेलो. तो चुलीपाशी बसला होता. मी म्हणालो, "तू शाळा का सोडलीस?" तो हसून म्हणाला, "मेंढरं होती, गुरुजी." मी म्हणालो, "मी तुला मारले होते." तो थोडा वेळ विस्तव सारीत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही समद्यांनाच मारत हुता."

त्याने हे रागाने म्हटले असते तर मला बरे वाटले असते. तो माझे सांत्वन करीत होता.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलांस मारण्याची बंदी झाली आणि २०१० साली तो अमलात आला, तेव्हा माझ्या हातातील छडी सुटली होती. पण कायद्याने सुटलेली छडी हातातूनच सुटते. मनातील छडी तशीच होती. ती आवाजात उतरली होती, भुवयांत उतरली होती, आणि संधी मिळताच दोरीच्या शेवटात उतरली.

मी त्यास विचारले, "आता काय करावे?" तो म्हणाला, "पहिल्यापासून. आणि घाई न्हाई." वाडा आणखी आठ दिवस होता. त्या आठ दिवसांत त्याने मला जे शिकविले ते येथे थोडक्यात सांगतो, कारण ते केवळ घोड्यापुरते नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यास जवळजवळ सभोवार दिसते. दिसत नाही ते फक्त ऐन कपाळासमोर आणि ऐन शेपटीमागे. आपण माणसे मात्र प्रेमाने जावयाचे तरी थेट समोरूनच जातो, नाकावर हात ठेवतो. त्याला वाटते, दिसत नसलेल्या जागेतून काही तरी अंगावर आले. म्हणून जावयाचे ते खांद्याच्या रोखाने, तिरपे, बोलत बोलत. दुसरे असे की, डाव्या बाजूने शिकविलेली गोष्ट उजव्या बाजूनेही निराळी शिकवावी लागते. डावीकडे पाहून ज्या गोणपाटाची भीती मोडली, तेच गोणपाट उजवीकडे दिसताच घोडे बुजते. मी किती मुलांस म्हटले असेल, "काल तर आले होते, आज कसे येत नाही?" काल ते डाव्या बाजूने आले होते, एवढेच.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. दोरी ओढावयाची नाही. किंचित ताणून धरावयाची आणि थांबावयाचे. घोडे मागे रेटील, मान फिरवील, उभे राहील. आपण तसेच थांबावयाचे. कधी तरी ते नुसते वजन पुढे झुकविते. त्याच क्षणी दोरी ढिली सोडावयाची. एका क्षणाचाही उशीर नको. शिक्षण ताणण्यात नाही, सोडण्यात आहे. कारण सोडण्यावरूनच त्यास कळते की आपण केले ते बरोबर. मी आयुष्यभर ताणण्याची कला शिकलो होतो. मुलाने अर्धे बरोबर म्हटले तर उरलेल्या अर्ध्यासाठी दोरी आणखी ताणावी, अशीच माझी पद्धत होती.

पण सगुणेच्या बाबतीत दोरीपर्यंत पोहोचावयासच मला किती तरी दिवस लागले. पहिले पंधरवडाभर मी गोठ्यात चौरंगावर तिच्याकडे पाठ करून नुसता बसे. अमरकोश पुटपुटावा, उठावे, यावे. बंधू म्हणत, "दादा, घोड्याला संस्कृत येऊ लागले का?" अकराव्या दिवशी मागून ऊन श्वास मानेवर आला. मी हललो नाही. तिने माझा खांदा हुंगला, धोतराचा सोगा ओठांत धरला आणि सोडून दिला. घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा माझा स्वर ओला झाला होता. आमच्या मंडळींनी गुळाचा खडा सगुणेकडे पाठविला, मला नाही.

त्यानंतर रोज पंधरा मिनिटे, अधिक नाही. तिला जमले की तेथेच पाठ संपवावयाचा, आपली हौस भागेपर्यंत चालवावयाचा नाही. खरारा, पाय उचलणे, उंबरठा ओलांडणे, पाण्याच्या डबक्यातून जाणे, असे एक एक. दुसऱ्या वर्षी पाठीवर दुमडलेले पोते, मग त्यावर सैलसर तंग. कावा फिरविणे अगदी थोडे, कारण कोवळ्या सांध्यांवर गोल फिरण्याचा ताण पडतो. 'गनिमी कावा' या शब्दातील कावा म्हणजे मूळचे हे घोडे गोल फिरविणेच, हे सांगण्याचा मोह मला येथेही आवरत नाही. अडीच वर्षांची होताच तिचे मधले दुधाचे दात पडून पक्के आले. लोक विचारीत, "अजून बसत कसे नाही?" घोडे वरून भरलेले दिसले तरी आतील हाडे कच्ची असतात, पाठीचे मणके तर सर्वांच्या शेवटी, पाच वर्षे उलटल्यावर पक्के होतात. उंची आली म्हणजे वय आले असे नव्हे, हे घराघरातील थोरांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या काळात एक गोष्ट माझ्या नकळत घडत होती. २०२१ च्या पावसाळ्यात एका दुपारी गोठ्यातून बोलण्याचा आवाज आला म्हणून मी भिंतीआड थांबलो. माझ्या चौरंगावर नातू बसला होता आणि सगुणेस गोष्ट वाचून दाखवीत होता. 'दुर्भिक्ष' हा शब्द आला. तो अडला. एकदा चुकीचे म्हणाला, दुसऱ्यांदा चुकीचे म्हणाला, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला आणि पुढे गेला. सगुणा कडबा चघळीत होती. माझ्यासमोर तोच शब्द आला असता तर तो अडताच पुस्तकावरून दृष्टी उचलून माझ्याकडे पाहता. तेव्हा मला कळले की माझा नातू माझ्यासमोर पुस्तक वाचीतच नव्हता; तो माझा चेहरा वाचीत होता. त्या वाचनात तो मुळीच मागे नव्हता.

याच सुमारास मी एका जर्मन मास्तराची हकीकत वाचली. बर्लिन शहरी फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्यास फळा, मणी आणि अंक घेऊन वर्षानुवर्षे चिकाटीने गणित शिकविले. बेरीज विचारली की घोडा खुराने तितके ठोके देई. १९०४ साली विद्वानांची समिती नेमली गेली. तीस लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने परीक्षा घेतली आणि १९०७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. घोड्यास गणित येत नव्हते. उत्तराचा ठोका येताच विचारणाऱ्याचे डोके किंवा अंग केसभर हलत असे, आणि तेवढे पाहून घोडा थांबे. विचारणाऱ्यास स्वतःस याचा पत्ता नसे. म्हाताऱ्या मास्तरास हा निष्कर्ष फार झोंबला. १९०९ साली ते वारले.

लोक ही गोष्ट हसण्यासाठी सांगतात. मला तिच्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. ज्या विद्यार्थ्यास गुरूच्या मानेची केसभर हालचाल कळते, त्यास गुरूचा राग कळणार नाही काय? मी कितीही गोड आवाजात 'ये बाळ' म्हटले तरी आतील वैताग श्वासावाटे, खांद्यावाटे बाहेर पडतच असतो. सगुणेपाशी हे मी रोज पडताळून पाहिले. घरात काही बोलाचाली होऊन गोठ्यात गेलो की तिचे कान मी दारात असतानाच मागे जात. मग मी विहिरीच्या कठड्यावर काही वेळ बसे, श्वास खाली आला म्हणजे आत जाई. कित्येक दिवस तर आत गेलोच नाही. तो दिवस तिला सुटी.

कठोपनिषदात इंद्रियांस घोडे म्हटले आहे, शरीरास रथ, बुद्धीस सारथी आणि मनास लगाम. मी हे शेकडो वेळा सांगितले असेल. त्या रूपकात चाबूक कोठेच नाही, हे मला पासष्टी आली तेव्हा दिसले. लगाम आहे, आणि तो लगाम म्हणजे सारथ्याचे स्वतःचे मन. घोडे कसे चालते हे पाहावयाचे असेल तर आधी आपल्या हातातील काय थरथरते आहे, ते पाहावे.

नातवास मी पुन्हा वाचावयास बसविले नाही. एके दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "आजोबा, तुम्हीही गोठ्यात बसा हवे तर. पण बोलायचे नाही." मी सगुणेच्या शेजारी बसलो आणि बोललो नाही. तो चुकला, पुढे गेला, पुन्हा चुकला. अडतीस वर्षांत मला इतके कठीण काम कोणी सांगितले नव्हते.

२०२२ च्या मार्गशीर्षात सगुणा तीन वर्षांची झाली. वाडा आला तेव्हा कारभाऱ्याचा हलकासा पुतण्या तिच्या पाठीवर प्रथम पोटावर आडवा झाला, उतरला, पुन्हा झाला. तिसऱ्या दिवशी तो नीट बसला. मी मोहरकी धरून पुढे उभा होतो. तिने एकदा मान वळवून पाठीवर काय आहे ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि मी चालू लागताच चालू लागली. कान पुढे होते. मार नाही, ओरड नाही, उधळणे नाही. बघावयास जमलेल्या पोरांची तर निराशाच झाली. बांधावरून जाताना एकाएकी झुडपातून तित्तिरांचा थवा फडफडत उडाला. ती दचकली, थबकली आणि माझ्याकडे बघू लागली. दोन वर्षांपूर्वी त्याने सांगितलेला फरक असा डोळ्यांसमोर उभा राहिला. कारभारी काही बोलला नाही. नुसती मान हलविली.

त्यानंतरच्या वर्षी वाडा आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा होता. दोन दिवस त्या मुलाने सगुणेस सोडले नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कारभारी, पहिल्या वर्षी उभा राहिला होता त्याच पायरीशी येऊन उभा राहिला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग तो म्हणाला, "गुरुजी, पोराची शाळा हिंडण्यात मोडते. तुमच्याकडं ठिवू का? सगुणेचं शेण-पाणी करील."

माझ्याने लगेच उत्तर देववेना. ज्या हाताने त्याचा तळहात सुजला होता, त्याच हातात तो आपले पोर देऊ पाहत होता. सगुणेस तो चार मार्गशीर्ष पाहत आला होता, आणि तिला पाहता पाहता त्याने मला तपासले होते. हे मला त्या क्षणी कळले. आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, "अहो, विचार कसला करता? त्याचे अंथरूण नातवाच्या शेजारी पडेल." सूनबाईंनी ताट वाढावयास घेतले होते.

तो मुलगा अजून आमच्या घरी आहे आणि गावच्या शाळेत जातो. सातचा पाढा त्यासही जड गेला. त्यास किती दिवस लागले ते मी मोजले नाही, पण या वेळी न मोजण्याचे कारण निराळे होते. दर मार्गशीर्षात त्याचे आईबाप येतात. कारभारी आधी गोठ्यात जाऊन सगुणेचे कान पाहतो, मग ओसरीवर येऊन मुलाकडे पाहतो. मी परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यासारखा उभा असतो.

पहिल्या सकाळी तो मुलगा ओसरीच्या दाराशी, भिंतीस पाठ लावून बसला होता. पाटी मांडीवर होती आणि डोळे माझ्या हातांवर. मी समोरून गेलो नाही. खांद्याच्या रोखाने, तिरपा, काहीबाही बोलत गेलो आणि त्याच्या शेजारी, थोडे अंतर राखून, जमिनीवर बसलो.